आईची नडगी

ओमतीजवळच्या वळणावर ई-रिक्षा कलंडली आणि आईची उजवी नडगी मोडली. हाड का मोडलं याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला गड्ढा था, आई म्हणाली खड्डा होता, आणि मी जाऊन पाहिलं तर खड्डा खरंच होता. अजूनही आहे. मतभेद सुरू झाले ते पुढे, हाड जुळेना तेव्हा. मोडायला एक कारण पुरलं होतं. न जुळण्याची कारणं मात्र आमच्याकडे येणारा प्रत्येक जण खिशात घेऊन येत होता.

आमचं घर जबलपुरात, कांचघरला. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं आणि त्यात जेमतेम काही वर्षं राहून ते गेले. आता घरात आई, मी आणि माझी बायको. मी रेल्वेच्या कचेरीत फायली सरकवतो, बायको शाळेत शिकवते. मोठा भाऊ पुण्याला असतो. मी त्याला दादा म्हणतो, आई त्याला साहेब म्हणते, पण तो समोर नसताना. आईने सत्तरी ओलांडलीय आणि पडेपर्यंत ती भाजी, बँक, भजनी मंडळ आणि शेजारणींची भांडणं हे सगळं स्वतः फिरून सांभाळत असे.

डॉक्टरांचा दवाखाना ओमतीतच होता, म्हणजे पडायची जागा तरी आईने सोयीची निवडली होती. डॉक्टर बोलायला गोड आणि ऐकायला घाईचे. एक्स-रेची फिल्म बघून म्हणाले, हड्डी ज्यादा खिसकी नहीं है, प्लास्टर से काम चल जाएगा. मग नेहमीचे प्रश्न झाले. शुगर? नाही. ब्लडप्रेशर? थोडं. "और तंबाकू वगैरह?"

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्यांची दया आली. "तंबाकू? डॉक्टर साहब, हमारे घर में तो कोई छूता भी नहीं."

मीही मान डोलावली. वडिलांना तंबाखूचा इतका तिटकारा होता की कारखान्यात खैनी मळणाऱ्याच्या शेजारी बसून ते डबा उघडत नसत. गुटखा खाऊन आमच्या भिंतीवर पिचकारी मारणाऱ्या माणसाला आईने एकदा स्वतःच्या हाताने भिंत धुवायला लावली होती. तंबाखू ही बाहेरच्या पुरुषांनी करायची घाण होती आणि आम्ही स्वच्छ माणसं होतो. डॉक्टरांनी कागदावर ‘नो’ लिहिलं आणि आम्ही मानाने घरी आलो.

पुढच्या खोलीत खाट टाकली. आईने खाटेवरून कारभार हाती घेतला आणि पहिल्या आठवड्यातच कामवालीला, बायकोला आणि मला आपापली कामं येत नाहीत हे सिद्ध करून दाखवलं. दिवस गेले, पावसाळा आला, प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडासमोर धरली आणि जुनी तिच्याशेजारी धरून पाहिली. मग म्हणाले, "माताजी, हड्डी ने अभी काम शुरू ही नहीं किया."

सरकारी नोकरांच्या घरात हे वाक्य कोणालाच फार धक्कादायक वाटलं नाही. काम सुरू व्हायला वेळ लागतोच. पण डॉक्टरांचा चेहरा काही मला आवडला नाही.

हाड जुळणं म्हणजे फुटक्या कपाचे तुकडे चिकटवण्यासारखं असतं, असा तोवर माझा समज होता. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे पेनने चित्र काढून तो दूर केला. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. त्या साकळलेल्या रक्तात पेशी गोळा होतात आणि कूर्चेसारखा मऊ पूल बांधतात. मग त्या पुलात चुना भरत जातो आणि हळूहळू त्याचं हाड होतं, इतकं अस्सल की काही वर्षांनी जोड कुठे होता ते फिल्मवरसुद्धा ओळखू येत नाही. कातडीवर व्रण राहतो, हाडावर राहत नाही. या सगळ्याला रक्त मात्र भरपूर लागतं, आणि नडगीचा खालचा भाग त्या बाबतीत गरीब. तिथे मांस कमी, रक्ताच्या वाटाही कमी. त्यात टोकं सारखी हलत राहिली, जखमेत जंतू शिरले, साखर वाढली किंवा रक्तवाहिन्या आक्रसल्या, तर पूल अर्ध्यावर थांबतो. कधी शरीर निदान धडपड तरी करतं, टोकांशी हाडाचे ढीग लावतं. आईच्या फिल्मवर तेही नव्हतं. दोन्ही टोकं गुळगुळीत होऊ लागली होती. असंच राहिलं तर ती कायमची बंद होतात, डॉक्टर म्हणाले. हाड इथेच संपतं असं शरीर धरून चालतं.

आईला एवढंच कळलं की दोष नडगीचा आहे. "माझ्यात काही कमी नाही," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "ही नडगीच आळशी निघाली."

मग कारणं यायला लागली. समोरच्या काकूंच्या मते आई पडली ती वेळच वाईट होती. पनागरहून भाजी आणणाऱ्या बाईने हडजोडीची वेल आणून दिली, आई तिची चटणी खायची आणि घसा खाजतो म्हणून आम्हाला बोलायची. वडिलांचे कारखान्यातले एक जुने सोबती काठी टेकत आले आणि बकऱ्याच्या पाया सूपशिवाय इलाज नाही म्हणाले. ते गेल्यावर आईने ते बसले होते ती खुर्ची पुसून घेतली. "आमच्या घरात असलं काही चालत नाही, माहीत असून बोलून राहिले," ती म्हणाली. बायकोने ऊन सुचवलं, आणि पाऊस उघडला की आम्ही दोघं आईला खुर्चीसकट ओसरीवर आणत होतो. दादाने कुरियरने कॅल्शियमचा एवढा साठा पाठवला की त्यातून नवी आई उभी राहिली असती.

मी कचेरीत बसून मोबाइलवर वाचायचो. वाचून माझा स्वभाव सुधारला नाही. काकूंना मी एकदा सांगितलं की हाडाला पंचांग वाचता येत नाही. त्या चार दिवस आल्या नाहीत, आणि त्यांच्या हातची कढी गेली म्हणून आईने मला धारेवर धरलं.

दादा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. तो मनाने चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. नवरात्रापर्यंत वाट बघू. तोवर हाड धरलं नाही तर आईला पुण्याला आणायचं, तिथे त्याच्या ओळखीचे सर्जन आहेत, ते कमरेचं थोडं हाड काढून नडगीत भरतील, आणि मग तिने तिथेच राहायचं. तुम्ही दोघं नोकरीवर असता, दिवसभर तिच्याजवळ कोण? इथे तुझी वहिनी घरी असते, लिफ्ट आहे, तिच्यासाठी एक खोली रिकामी केलीय. यातल्या एकाही वाक्यावर मला बोट ठेवता येत नव्हतं. आई ऐकून घ्यायची आणि फोन बंद झाला की म्हणायची, "मी नाही जाणार."

"काहून नाही जाणार?" मी एकदा विचारलं. घरात मीही असाच बोलतो, ‘का’ऐवजी ‘काहून’.

"यासाठीच," ती म्हणाली. "हे ‘काहून’ तिकडे म्हटलं न की समोरची आधी हसते, मग उत्तर देते. मागच्या वेळी राहून आली न मी? तुझी वहिनी बिचारी चांगली आहे, पण बिल्डिंगीतल्या बायका मला हळदीकुंकवात पुन्हा पुन्हा बोलायला लावून राहिल्या होत्या. ‘अजून एकदा म्हणा ना काकू.’ मी काय पोपट आहे?"

मला हसू आलं होतं, पण ती हसत नव्हती. खालच्या आवाजात म्हणाली, "आणि गेली न बेटा, तर मग परत नाही येणार मी. हे घर बंद होईल माझ्यासाठी. मला इथंच राहायचं आहे."

एवढीच गोष्ट होती. जबलपूरचं घर की पुण्याची खोली, हे नडगीच्या खालच्या भागातल्या रक्ताच्या चार बारीक वाटांवर ठरणार होतं.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. आम्ही सकाळी नंबर लावला आणि दुपार झाली तरी आत बोलावणं येईना. आई चाकाच्या खुर्चीत चुळबुळत होती. डोकं धरलं म्हणाली. पाणी दिलं, नको. बिस्किट दिलं, नको. शेवटी तिने कमरेच्या पिशवीतून आपली पितळी डबी काढली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली आणि पदराआड बोटाने दातांना लावू लागली. हे दृश्य मी जन्मल्यापासून बघत आलोय, त्यामुळे मी बघितलंही नाही. तेवढ्यात डॉक्टर कोणाला तरी सोडायला दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले.

"माताजी, ये क्या लगा रही हैं?"

आईचं तोंड भरलेलं होतं. तिने हाताने थांबा अशी खूण केली, सावकाश आटोपलं, बायकोने धरलेल्या पेल्यात चूळ भरली आणि म्हणाली, "मंजन."

"दिन में कितनी बार करती हैं मंजन?"

"सवेरे. फिर चाय के बाद. खाने के बाद. फिर जब सर दुखे," आई म्हणाली. दात स्वच्छ ठेवल्याबद्दल शाबासकी मिळणार असं तिला वाटत असावं.

डॉक्टरांनी डबी हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मिश्री म्हणजे काय हे माझ्या डोक्यात शिरलं. मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई खाटेवर पडल्यापासून पानं मीच आणत होतो, ओमतीतल्या ज्या दुकानातून आणत होतो त्याच्या पाटीवर तंबाखू हा शब्द हातभर मोठ्या अक्षरात रंगवलेला होता, आणि त्याच फेरीत शेजारच्या औषधाच्या दुकानातून कॅल्शियमही घेत होतो. घरी माझी बायको नाकाला पदर लावून, ठसकत, ती पानं तव्यावर भाजत होती. ती विज्ञान शिकवते. आम्ही तिघं मिळून तंबाखू आणत, भाजत, कुटत, डबीत भरत होतो आणि आमच्या घरात तंबाखूला कोणी हात लावत नव्हतं.

"पर ये तो दाँत का है," आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. हिरडीतून यातलं निकोटिन सरळ रक्तात उतरतं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. जिथे आधीच रक्त कमी, तिथे आणखी कमी पोचतं. याच एका कारणाने हाड अडलंय असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले, वय आहे, मोडलेली जागा वाईट आहे, रक्तात ड जीवनसत्त्वही कमी निघालंय. पण बाकीचं माझ्या हातात फारसं नाही, आणि हे तुमच्या हातात आहे. टोकं अजून पुरती बंद झालेली नाहीत. त्यांनी पायाला घट्ट पट्ट्यांचा बूट दिला, वॉकर धरून पायावर भार टाकत चालायला सांगितलं आणि नवरात्राच्या पुढची तारीख दिली. तोपर्यंत काही दिसलं नाही तर ऑपरेशन.

आम्ही ऑटोने परतलो. कांचघरच्या चौकात आई म्हणाली, "तुमच्या बाबांना माहीत असतं तर त्यांनी माझ्याजवळ बसून कधी डबा नसता उघडला." तिला हसू येत होतं की रडू, ते मला कळेना. वडील तिच्या शेजारी बसूनच रोज जेवत होते.

तिने त्या दिवशी डबी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत मागितली. मी दिली नाही. पुढचे काही आठवडे आमच्या घरात जे झालं त्याला संसार म्हणवत नाही. भात मऊ झाला म्हणून भांडण, भात मोकळा झाला म्हणून भांडण. काकूंना तिने तोंडावर सांगितलं की तुमची कढी नेहमीच आंबट असते. बायकोने शाळेत जादा तास मागून घेतले. मी एकदा चिडून म्हणालो, "एवढं काय आहे त्या राखेत?"

आई खाटेवर पाठमोरी बसली होती. "तुला नाही समजणार," ती म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा घरात माणसंच माणसं. सकाळपासून हाका. सूनबाई हे, सूनबाई ते. एक दाढ दुखली तर सासूबाईंनी मिश्री दिली. मागच्या पायरीवर बसून लावायची. तोंडात मिश्री असली की बाईला कोणी हाक नाही मारत, ती बोलणार कशी? ‘मंजन करून राहिली’ म्हटलं की सगळे थांबत. दिवसातून तेवढाच वेळ माझा होता. दाढ तर कधीचीच पडली."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या पायरीवर बसलेल्या आईला लहानपणी मीच जाऊन हलवायचो, आणि ती बोटाने खूण करायची, थांब. तरीही मी डबी दिली नाही. तिनेही पुन्हा मागितली नाही, फक्त संध्याकाळी दादाचा फोन आला की वॉकर हातात घेऊन उभी राहायची, त्याला दिसेल अशी, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायची. पाय दुखायचा. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसायचा, दादाला दिसत नसे. "बघ, चालून राहिली," ती म्हणायची. दादा म्हणायचा, छान आई, पण फिल्म काय म्हणते ते महत्त्वाचं.

नवरात्र झालं. देवीचे मंडप उतरत होते तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फिल्म धरली आणि मला जवळ बोलावलं. दोन टोकांच्या मधे, जिथे आजवर काळी फट होती, तिथे धुरकट पांढरं काहीतरी दिसत होतं. कोणी खडूचं बोट पुसावं इतकंच. डॉक्टर म्हणाले, यही तो चाहिए था. अजून भरायला वेळ लागेल, पण हाडाने काम सुरू केलंय, ऑपरेशन लागणार नाही. आईने डोळे मिटून हात जोडले, मग डोळे उघडून डॉक्टरांना विचारलं, "तो मेरी गलती नहीं थी न, नड़गी की थी?" ते म्हणाले, बिलकुल माताजी.

बाहेर येताच तिने दादाला फोन लावायला सांगितलं. या फोनची ती इतके आठवडे तयारी करत होती. काय बोलायचं हे तिने मला ऑटोत, ओसरीवर, जेवताना कितीदा तरी ऐकवलं होतं. साहेब, तुझी खोली तुलाच राहू दे. मला बोलावलंस, भरून पावली, पण मी माझ्या घरीच राहीन. दादाने आग्रह केला तर काय म्हणायचं, आणखी आग्रह केला तर काय, रुसला तर कशी समजूत काढायची, सगळं ठरलेलं होतं.

मी स्पीकर लावून फोन तिच्यासमोर धरला आणि आधी मीच बातमी सांगितली, हाड धरू लागलंय.

"वा, वा," दादा म्हणाला. "फार मोठं काम झालं. मग आता इकडे आणायची गरज नाही ना?" आणि आम्ही काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "बरं झालं रे. त्या खोलीत आम्ही मुलीचं अभ्यासाचं टेबल लावलंय, तिची बारावी आहे. ते हलवायचं कसं याच विचारात होतो. आई, अभिनंदन हं. जप आता."

आई म्हणाली, "हो बेटा. तूही जप."

घरी येताना ऑटोत तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं थकली असेल. खाटेवर बसवलं, बूट सैल केला, उशी दिली. तिने उशी बाजूला ठेवली.

"तो तसा नाही गं," मी म्हणालो. "कामाच्या घाईत बोलून गेला."

"माहीत आहे. चांगला आहे तो," ती म्हणाली. "मला जायचंच नव्हतं. मरून गेली असती तिकडे." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "पण नाही म्हणायचं तर मला होतं न रे? त्याने काहून म्हटलं?"